शॅमेलिऑनचे घर: आधी हवा, मग पिंजरा

‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण माणसाच्या मर्यादा दाखविण्यासाठी वापरली जाते. पाळीव सरड्याच्या बाबतीत मात्र ती अक्षरशः खरी ठरते. त्याचे कुंपण मालक ठरवितो आणि त्या कुंपणाच्या आतील हवा, ऊन, पाणी व झाडे एवढेच त्याचे जग असते. अमेरिका व युरोपात शॅमेलिऑन पाळण्याची हौस अनेक दशकांपासून रुजली आहे. तेथील अनुभव असा, की हा प्राणी दगावतो तो अनेकदा उपासमारीने नव्हे, तर चुकीच्या पिंजऱ्यामुळे.

बागेच्या कुंपणावर मान हलवीत बसणारा नेहमीचा सरडा म्हणजे शॅमेलिऑन नव्हे. दोन्ही डोळे स्वतंत्रपणे फिरविणारा, फांदी चिमट्यासारख्या पायांनी पकडणारा आणि शरीराहून लांब जीभ फेकून कीटक टिपणारा हा संथ, वृक्षवासी प्राणी आहे. जगात त्याच्या दोनशेहून अधिक प्रजाती असून त्यांतील जवळजवळ निम्म्या मादागास्करमध्ये आढळतात. पाळण्यासाठी सर्वाधिक पसंती मिळते ती येमेन व सौदी अरेबियातील ‘व्हेल्ड’ शॅमेलिऑनला. डोक्यावर उंच शिरस्त्राणासारखा तुरा असलेला त्याचा नर शेपटीसह ४५ ते ६० सेंटीमीटरपर्यंत वाढतो.

लांबी नव्हे, उंची

हा प्राणी जमिनीवर फारसा वावरत नाही. संकटात तो वर चढतो आणि उंचावर बसल्यावरच त्याला सुरक्षित वाटते. त्यामुळे मासे पाळण्याची आडवी काचेची टाकी त्याच्यासाठी निरुपयोगी होय. पूर्ण वाढलेल्या नरासाठी २ फूट लांब, २ फूट रुंद आणि ४ फूट उंच पिंजरा ही किमान गरज मानली जाते. पिंजरा जमिनीवर न ठेवता टेबलावर किंवा मांडणीवर असा ठेवावा, की प्राणी माणसाच्या नजरेच्या वर राहील. वरून येणारी प्रत्येक सावली त्याला शिकारी पक्ष्याची भासते.

दुसरा प्रश्न हवेचा. चारही बाजूंनी बंद पेटीत ओलसर हवा साचते, बुरशी वाढते आणि श्वसनमार्गाचे विकार जडतात. म्हणून उष्ण व दमट प्रदेशात जाळीचा पिंजरा उत्तम. कडाक्याच्या थंडीत घरे तापविली जातात तेथे मात्र जाळीतून ऊब व ओलावा दोन्ही निसटतात. तेथे तीन बाजू बंद, पण खालून हवा आत येईल व वरच्या जाळीतून बाहेर पडेल अशी रचना अधिक उपयुक्त ठरते. जाळी मऊ लेपाची असावी. उघड्या तारेने नखे व बोटे दुखावतात.

ऊन आणि पाणी

शॅमेलिऑन शरीराची उष्णता बाहेरून मिळवितो. पिंजऱ्याच्या वरच्या एका फांदीवर सुमारे ३० अंश सेल्सिअस तापमान मिळावे आणि तळाशी गारवा असावा, म्हणजे त्याला स्वतःच जागा निवडता येते. रात्री दिवे बंद करून तापमान उतरू द्यावे. दिवा नेहमी जाळीच्या बाहेर ठेवावा. आत ठेवल्यास त्याला बिलगून प्राणी भाजतो.

उष्णतेइतकेच महत्त्व अतिनील ‘बी’ किरणांना आहे. या किरणांमुळे शरीरात ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते व कॅल्शियम हाडांपर्यंत पोहोचते. ते न मिळाल्यास हाडे वाकतात, जबडा मऊ पडतो आणि फांदी पकडण्याची शक्ती जाते. खिडकीजवळ पिंजरा ठेवून हे काम भागत नाही, कारण खिडकीची काच हे किरण अडविते. त्यासाठी खास नळी-दिवा लागतो आणि तो प्रकाश देत असला, तरी त्यातील किरणे कालांतराने क्षीण होत असल्याने तो वेळोवेळी बदलावा लागतो.

वाटीत भरून ठेवलेले पाणी शॅमेलिऑन सहसा ओळखतच नाही. तो पानांवरचे दव चाटतो. त्यामुळे पहाटे व रात्री बारीक तुषार फवारणे आणि दिवसा पिंजरा पूर्ण कोरडा होऊ देणे हा क्रम पाळावा. तळाशी पाणी निघून जाण्याची सोय हवी. जास्वंदीसारखी कुंडीतील जिवंत झाडे दव धरतात आणि आडोसाही देतात. व्हेल्ड शॅमेलिऑन पानेही खातो, म्हणून विषारी किंवा कीटकनाशक फवारलेली झाडे आत नकोत.

एका पिंजऱ्यात एकच शॅमेलिऑन ठेवावा. दुसरा नुसता नजरेस पडला, तरी तो ताणाखाली येतो. आरशातील प्रतिबिंबही त्याला प्रतिस्पर्धी वाटते. मादीसाठी ओलसर वाळू-मातीने किमान फूटभर खोल भरलेले भांडे आवश्यक असते. नराशी संबंध आला नसला, तरी ती अंडी तयार करते. ती पुरण्यास जागा न मिळाल्यास अंडी पोटात अडकून तिचा मृत्यू ओढवू शकतो.

पिंजऱ्याचे दारही भक्कम हवे. हवाई बेटांवर १९७२ मध्ये पाळण्यासाठी आणलेले पूर्व आफ्रिकेतील जॅक्सन शॅमेलिऑन मोकळे झाले आणि तेथील रानात कायमचे स्थिरावले. फ्लोरिडात व्हेल्ड शॅमेलिऑनच्या बाबतीतही तेच घडले.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्राच्या रानांतही शॅमेलिऑन आढळतो. तो विषारी नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये त्याला संरक्षण असून, त्याला पकडणे, पाळणे वा विकणे हा गुन्हा आहे. परदेशी शॅमेलिऑनचा व्यापार ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराने नियंत्रित केला आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर या कराराच्या यादीतील जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांना भारतात नोंदणी बंधनकारक झाली आणि त्यासाठीचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये जारी झाले. कागदपत्रांविना ‘स्वस्तात’ मिळणारा प्राणी म्हणूनच संशयास्पद मानावा.

सर्व परवाने हाती असले, तरी क्रम उलटा ठेवणे श्रेयस्कर. आधी पिंजरा उभारावा, दिवे व फवारे काही दिवस चालवून तापमान आणि ओलावा मोजावा, आणि सर्व जुळल्यावरच प्राणी आणावा. शॅमेलिऑन आजार शेवटपर्यंत लपवितो. त्याचा रंग काळवंडतो आणि डोळे खोल जातात, तेव्हा उपचारांची वेळ बहुधा निघून गेलेली असते. एवढी तजवीज शक्य नसेल, तर त्याला न पाळणे हाच त्याच्यावरील उपकार होय. आणि आपल्या रानातील शॅमेलिऑन रस्त्यावर दिसला, तर त्याला घरी न आणता वन विभागाला कळवावे. बाभळीची फांदी, पहाटेचे दव आणि मोकळे ऊन यांहून योग्य निवारा त्याच्यासाठी कोणालाही बांधता आलेला नाही.