खर्जाचा कारभारी

विद्युत् गिटारच्या मुद्दाम विकृत केलेल्या, खरखरीत नादावर ज्याची सारी भिस्त असते त्या मेटल संगीतात बेसवादकाच्या वाट्याला येणारे स्थान फारसे स्पृहणीय नसते. कारण गिटारच्या जाड तारा मंद्रात उतरून त्याचा मुलूख बळकावतात, दोन्ही पायांनी वाजवले जाणारे ढोल उरलेली जागा व्यापतात, आणि या दोहोंच्या मध्ये तो जे काही वाजवतो त्याची दखल सामान्य श्रोता क्वचितच घेतो. असे हे अवघड पद ‘ड्रीम थिएटर’ या अमेरिकन वाद्यवृंदात जॉन म्युंग यांनी आरंभापासून आजतागायत सांभाळले आहे. त्या पदाचा मान त्यांनी वाढवला तो पुढे सरसावून नव्हे, तर खर्जाचा कारभार चोख ठेवून, असे माझे मत आहे.

म्युंग यांचा जन्म १९६७ साली शिकागोत, कोरियन मातापित्यांच्या पोटी झाला. बालपण मात्र न्यूयॉर्कनजीकच्या लाँग आयलंडवर, किंग्ज पार्क या गावी गेले. पाचव्या वर्षी हाती व्हायोलिन आले आणि पंधराव्या वर्षी बेस. व्हायोलिनच्या तारा पंचमाच्या अंतराने लागतात व तिला पडदे नसतात, तर बेसच्या तारा मध्यमाच्या अंतराने लागतात आणि दांडीवर पडदे असतात. म्हणजे बोटांना मुरलेली सारी वळणे मोडून नवी घालावी लागतात. हे कष्ट ज्याने ऐन पौगंडावस्थेत उपसले, त्याला पुढे रियाजाचे भय उरले नाही, यात नवल कसले? शाळासोबती गिटारवादक जॉन पेट्रुची यांच्यासह ते १९८५ साली बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात दाखल झाले. तेथे ढोलवादक माइक पोर्टनॉय भेटले आणि ‘मॅजेस्टी’ नावाचा वृंद उभा राहिला. तेच नाव दुसऱ्या एका वृंदाचे असल्याने पुढे ते बदलावे लागले, आणि पोर्टनॉय यांच्या वडिलांनी कॅलिफोर्नियातील एका चित्रपटगृहाचे नाव सुचवले, तेच कायम झाले.

१९९२ च्या ‘इमेजेस अँड वर्ड्स’ या ध्वनिमुद्रिकेने वृंदाला लौकिक मिळवून दिला. तिच्यातील ‘मेट्रोपोलिस’ या रचनेत एके ठिकाणी म्युंग यांची उजव्या हाताची बोटे तार छेडण्याचे आपले नित्याचे ठिकाण सोडून थेट दांडीवर येतात, डाव्या हाताशेजारी पडद्यांवर आघात करू लागतात, आणि काही क्षण तरी तो मंद्र स्वरांचा सेवक साऱ्या दरबाराचा धनी होतो. ते क्षण सरताच तो निमूटपणे आपल्या जागी परततो. मला त्या करामतीइतकेच हे परतणेही मोलाचे वाटते.

पुढे त्यांनी सहा तारांचा बेस जवळ केला. यामागे निव्वळ हौस नव्हती असे मी समजतो. १९९४ च्या ‘अवेक’मध्ये पेट्रुची यांनी सात तारांची गिटार घेतली व तिचा तळ सेकंदाला सुमारे ६२ कंपनांपर्यंत खाली गेला. चार तारांच्या बेसचा तळ सुमारे ४१ कंपनांचा. म्हणजे दोघांत पूर्ण सप्तकाचे अंतरही उरले नाही. सहा तारांच्या बेसची सर्वांत जाड तार सुमारे ३१ कंपनांवर लागते, आणि गिटारखालचे सप्तक पुन्हा बेसच्या ताब्यात येते. शिवाय वरची बारीक तार सुरावटीलाही मोकळीक देते.

या सामर्थ्याची खरी कसोटी १९९९ च्या ‘द डान्स ऑफ इटर्निटी’ या सुमारे सहा मिनिटांच्या शब्दहीन रचनेत लागते. आपल्याकडे गवयाने एकदा झपताल धरला की आवर्तनागणिक तीच सम ठरल्या वेळी भेटते. येथे मात्र आवर्तनाची लांबीच शंभराहून अधिक वेळा बदलते, आता पाचाचे तर लगेच साताचे, आणि अशा पदोपदी सरकणाऱ्या भूमीवर बेसने गिटारशीही इमान राखायचे, ढोलाशीही राखायचे, व मध्येच आपला छोटा एकल तुकडाही सहजतेने वाजवून जायचे. ही सहजता उसनी आणता येत नाही. कार्यक्रमापूर्वी कित्येक तास, आणि कार्यक्रम संपल्यावरही, हा मनुष्य वाद्य घेऊन बसलेला असतो, हे त्यांच्या सहकाऱ्यांनीच सांगितले आहे.

मंचावर ते फारसे बोलत नाहीत. तरीही ‘लर्निंग टु लिव्ह’सारख्या दीर्घ रचनेची शब्दरचना त्यांचीच आहे, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. १९९९ नंतर तब्बल १२ वर्षे त्यांनी वृंदासाठी गीत लिहिले नाही. पोर्टनॉय २०१० साली बाहेर पडल्यावर आलेल्या पहिल्याच ध्वनिमुद्रिकेत, ‘ब्रेकिंग ऑल इल्युजन्स’साठी, त्यांनी पेट्रुची यांच्यासह पुन्हा लेखणी उचलली.

गायक बदलले, कळवाद्ये वाजवणारे बदलले, ढोलवादकही बदलला. पेट्रुची आणि म्युंग हे दोघेच १९८९ पासूनच्या सर्व १६ ध्वनिमुद्रिकांत उपस्थित आहेत. २०२२ साली ‘द एलियन’ला ग्रॅमी मिळाले, २०२३ साली पोर्टनॉय परतले, आणि २०२५ च्या ‘पॅरासोम्निया’त बर्कलीचे ते तीन विद्यार्थी पुन्हा एकत्र वाजवताना ऐकू आले. ज्याला म्युंग यांची ओळख नव्याने करून घ्यायची असेल त्याने २००५ च्या ‘ऑक्टाव्हेरियम’मधील ‘पॅनिक अ‍ॅटॅक’पासून आरंभ करावा, तेथे सुरुवातच बेस करतो आणि बाकीचे त्याच्या मागून येतात.