जुन्या इंजिनाचे तेल

कोकणातील जिते गावी सेकंडहँड मारुती ८०० खरेदी करणाऱ्या गृहस्थास, इंजिन वृद्ध झाले म्हणून तेल जितके दाट तितके हितावह, असा सल्ला हमखास मिळतो. परंतु तेलाच्या ‘२०डब्ल्यू-४०’ अशा श्रेणीतील पहिला आकडा उणे तापमानातील वर्तनाचा, म्हणजे कोकणात गौण, व दुसरा १०० अंशांवरील दाटपणाचा द्योतक असल्याने, पुस्तिकेत नमूद केलेली श्रेणी निष्कारण ओलांडू नये. खरा घात निराळाच: घर ते स्टेशन एवढ्याच फेऱ्यांत तेल पुरते तापत नाही, त्यात उतरलेली वाफ व पेट्रोल उडून जात नाही, आणि तेलाच्या बुचाखाली पिवळसर साय धरते. अशा गाडीचे तेल, किलोमीटर भरोत वा न भरोत, मुदतीबरहुकूम बदलावे. सायलेन्सरमधून निळसर धूर येऊ लागल्यास डिपस्टिक वारंवार पाहावी.