‘सायको’ म्हणण्याआधी : सायकोपॅथ व्यक्तिमत्त्वाचे प्रकार आणि आपली चळवळ

‘तो सायको आहे, त्याच्या नादी लागू नका.’ कॉलेजच्या कट्ट्यापासून विहारातल्या बैठकीपर्यंत हे वाक्य आपण सर्रास ऐकतो. मारझोड करणारा नवरा सायको, छळणारा साहेब सायको आणि कधी कधी बैठकीत हिशेब मागणारा कार्यकर्तासुद्धा सायको! शब्द स्वस्त झाला की त्याचा अर्थ हरवतो. म्हणून सायकोपॅथ म्हणजे नेमके कोण, त्यांचे प्रकार कोणते, ते वागतात कसे आणि चळवळीत काम करणाऱ्या आपल्यासारख्यांना हे कळणे का गरजेचे आहे, हे या लेखात समजून घेऊ.

सायकोपॅथ म्हणजे वेडा नव्हे

पहिला गैरसमज इथेच आहे. स्किझोफ्रेनियासारख्या आजारात माणसाचा वास्तवाशी संबंध तुटतो. त्याला नसलेले आवाज ऐकू येतात, भास होतात. असा माणूस बहुतेक वेळा स्वतःच घाबरलेला असतो आणि त्याला उपचारांची, आधाराची गरज असते. सायकोपॅथ व्यक्तीचे तसे नसते. तिला वास्तव नीट कळते आणि आपण काय करतो आहोत हेही कळते. कमी असते ती दुसऱ्याच्या दुःखाची जाणीव.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ हर्वी क्लेक्ली यांनी 1941 साली ‘द मास्क ऑफ सॅनिटी’ हे पुस्तक लिहिले. नावाचा अर्थच शहाणपणाचा मुखवटा. बाहेरून हुशार, गोड बोलणारी, शांत वाटणारी माणसे आतून पश्चात्ताप आणि जिव्हाळा यांना पारखी असतात, हे त्यांनी रुग्णांच्या नोंदींवरून मांडले. पुढे कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांनी 20 मुद्द्यांची तपासणी-सूची तयार केली. प्रत्येक मुद्द्याला 0, 1 किंवा 2 गुण, म्हणजे जास्तीत जास्त 40. उत्तर अमेरिकेत साधारणपणे 30 किंवा त्याहून अधिक गुण मिळाले तर ती व्यक्ती सायकोपॅथ मानली जाते. पण हे गुण प्रशिक्षित तज्ज्ञ सविस्तर मुलाखत घेऊन आणि जुन्या नोंदी तपासून देतात. मोबाईलवरची दहा प्रश्नांची चाचणी म्हणजे ही तपासणी नव्हे.

आणखी एक गोष्ट. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या 2013 च्या निदान-पुस्तिकेत ‘सायकोपॅथी’ हे स्वतंत्र निदान नाही. तिथे समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकार हे निदान आहे आणि ते 18 वर्षांखालील कोणालाही देता येत नाही. दोन्ही गोष्टी जवळच्या असल्या तरी एकच नाहीत. तुरुंगात समाजविघातक विकाराचे निदान होणारे पुष्कळ असतात, त्या मानाने सायकोपॅथ फार थोडे.

प्रकार आणि वागणूक

अभ्यासकांनी वेगवेगळी वर्गीकरणे केली आहेत. त्यातली दोन कार्यकर्त्यांना उपयोगी आहेत.

पहिले वर्गीकरण बेंजामिन कार्पमन यांनी 1940 च्या दशकात मांडले. *प्राथमिक* प्रकारातला माणूस थंड डोक्याचा असतो. भीती कमी, चिंता कमी. खोटे बोलताना त्याचा आवाज कापत नाही. तो चिडून नव्हे, तर हिशेब करून इजा करतो. *दुय्यम* प्रकारातला माणूस तापट, अस्वस्थ आणि उतावीळ असतो. त्याच्या मागे अनेकदा लहानपणीची मारहाण, छळ किंवा दुर्लक्ष असते. बाहेरून दोघांचे वागणे सारखे दिसू शकते, पण दुय्यम प्रकारात भावना असतात, त्या जखमी झालेल्या असतात.

दुसरे वर्गीकरण 2009 साली ख्रिस्तोफर पॅट्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले. त्यात माणसांचे कप्पे नाहीत, तीन गुणधर्म आहेत : *धीटपणा*, *निर्दयता* आणि *बेलगामपणा*. कोणात कोणता गुणधर्म जास्त, त्यावर वागणे ठरते. धीटपणा जास्त असेल तर माणूस छाप पाडतो, सभा जिंकतो. नुसता धीटपणा हा दोष नाही. मोर्चाच्या पुढे चालायला तो लागतोच. त्याला निर्दयतेची जोड मिळाली की माणसे वापरून फेकली जातात. बेलगामपणा जास्त असेल तर नोकरी टिकत नाही, उधारी वाढते, मारामाऱ्या होतात आणि असा माणूस लवकर पकडला जातो.

पकडला न जाणारा माणूस ऑफिसात, संस्थेत, पक्षात भेटतो. पॉल बॅबियाक आणि हेअर यांनी 2006 साली अशा ‘सुटाबुटातल्या’ सायकोपॅथवर पुस्तक लिहिले. त्याची पद्धत ठरलेली असते. आधी कोणाच्या हातात काय आहे ते हेरायचे. मग प्रत्येकाला ‘तूच माझा खास’ असे वाटायला लावायचे. याचे त्याला, त्याचे याला सांगून माणसे एकमेकांपासून तोडायची. काम संपले की त्या माणसाला बदनाम करून बाजूला सारायचे. पकडले गेले तर रडायचे, माफी मागायची आणि पुन्हा तेच करायचे.

आमचा अनुभव

काही वर्षांपूर्वी आमच्या एका अभ्यासवर्गात असा एक तरुण आला. बोलणे प्रभावी, बाबासाहेबांचे संदर्भ तोंडपाठ. सहा महिन्यांत वर्गणीची पावतीपुस्तके त्याच्याकडे गेली. एका मैत्रिणीने त्याच्या वागण्याबद्दल तक्रार केली, तेव्हा आम्ही तिलाच म्हणालो, ‘चळवळीचे नाव खराब होईल, जरा सांभाळून घे.’ ती गेली, ती परत आली नाही. पुढे हिशेबात घोळ निघाला, तो तरुणही निघून गेला आणि आम्ही सगळे म्हणालो, ‘सायको होता!’

तो खरोखर सायकोपॅथ होता का? आम्हाला माहीत नाही, ते ठरवण्याचा अधिकारही आम्हाला नाही. पण त्या एका शब्दाने आमची सोय झाली. पावतीपुस्तके त्याच्याकडे कोणी दिली, तक्रार कोणी दाबली, हे प्रश्न विचारावेच लागले नाहीत.

जातीची क्रूरता म्हणजे आजार नव्हे

हीच सोय समाज मोठ्या प्रमाणावर करून घेतो. 29 सप्टेंबर 2006 रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची जमावाने हत्या केली. त्या जमावातले सगळे सायकोपॅथ होते काय? सर्वसाधारण लोकसंख्येत सायकोपॅथ साधारण एक टक्का असतात, असा अंदाज नेहमी दिला जातो. मग एका गावात एवढे कुठून आले? ती घरी मुलाबाळांवर माया करणारी माणसे होती. त्यांची माया जातीच्या वेशीपाशी थांबत होती. जातीमुळे सहानुभूतीसुद्धा जातीपुरती उरते, हे बाबासाहेबांनी ‘जातिनिर्मूलन’मध्ये 1936 सालीच दाखवून दिले. सायकोपॅथीत करुणा व्यक्तीमध्ये कमी असते; जातव्यवस्थेत ती शिकवून कमी केली जाते. म्हणून अत्याचार करणाऱ्याला ‘विकृत’ म्हणून मोकळे होऊ नका. त्याने गुन्हेगार सुटतो आणि जातही सुटते.

मग करायचे काय?

विनयपिटकातला देवदत्ताचा प्रसंग आठवा. त्याने अजातशत्रूला वश केले आणि संघाचे नेतृत्व मिळवू पाहिले. तथागतांनी काय केले? संघाच्या संमतीने राजगृहात जाहीर घोषणा करवली की देवदत्त यापुढे जे करील ते त्याचे स्वतःचे, बुद्ध-धम्म-संघाचे नव्हे. देवदत्ताच्या मनाचे निदान आज आपल्याला करता येणार नाही. पण संघाची रीत घेता येईल : कुजबुज नाही, झाकपाक नाही, सर्वांसमोर स्पष्ट निर्णय.

बाबासाहेबांनीही 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा दिला होता. भक्ती असते तिथे मुखवटा सहज खपतो. म्हणून आपल्या मंडळात, संस्थेत एवढे तरी करा :

• बँक खाते दोघांच्या सहीने चालवा. जयंतीचा हिशेब लेखी आणि जाहीर मांडा.
• निर्णय इतिवृत्तात लिहा. तोंडी आश्वासनांवर कारभार नको.
• छळाची तक्रार दाबू नका. 2013 च्या कायद्यानुसार 10 किंवा अधिक माणसे काम करतात तिथे अंतर्गत समिती बंधनकारक आहे. त्याहून कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. या कायद्यात स्वयंसेवकही येतात.
• त्रास होत असेल तर तारीख-वारानिशी नोंद ठेवा आणि विश्वासू माणसाला सांगा. ‘मी त्याला बदलेन’ या आशेवर एकट्याने राहू नका.
• तातडीचा धोका असेल तर 112, महिलांसाठी 181 आणि मानसिक आधारासाठी टेलि-मानस 14416.

माणूस बदलूच शकत नाही, असेही समजू नका. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात मेंडोटा येथे अत्यंत हिंसक किशोरांसाठी उपचार केंद्र आहे. तिथे सखोल उपचार मिळालेल्या मुलांमध्ये पुन्हा हिंसक गुन्हा करण्याचे प्रमाण बरेच कमी दिसले. अंगुलिमालाला संघात जागा देणाऱ्या धम्माला याचे नवल वाटू नये. वस्तीतल्या दहा-बारा वर्षांच्या आडदांड पोराला ‘सायको’ म्हणून हाकलण्याआधी त्याच्या घरात काय चालले आहे, ते पाहा आणि त्याला समुपदेशकाकडे न्या.

पण करुणा म्हणजे आंधळेपणा नव्हे. अंगुलिमालाने आधी शस्त्र टाकले, मग चीवर घेतले. आपण क्रम उलटा करतो. आधी पद देतो आणि मग शस्त्र टाकायची वाट पाहतो. त्या वाट पाहण्याची किंमत आमच्या त्या मैत्रिणीने मोजली. तुमच्या मंडळातली अशी एखादी मैत्रीण आज काही सांगत असेल, तर आधी तिचे ऐका.

जयभीम! नमो बुद्धाय!