जुनी होडी, नवा बोल्ट



तुमच्या सायकलचा एखादा नट हरवला, तर तुम्ही काय करता? दुकानातून नवा आणता आणि बसवता. नवा भाग जुन्यापेक्षा मजबूत आणि चकचकीत असला, की दुरुस्ती चांगली झाली असे आपण समजतो. मीही तसेच समजत होतो. वर्गात भौतिकशास्त्र शिकवीत असूनही समजत होतो! माझा हा समज एका जुन्या शिडाच्या होडीने दूर केला. तो कसा, ते आज सांगतो.

२०१६ सालची दिवाळीची सुट्टी होती. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठी आमच्या काही विद्यार्थ्यांनी पैसे जमवून एक जुनी होडी विकत घेतली होती. लांबी चार मीटर, चालवायला दोघे. अंग फायबरग्लासचे, सुकाणू प्लायवुडचे आणि डोलकाठी म्हणजे ॲल्युमिनियमची पोकळ नळी. होडीचे वय तीसच्या घरात होते. "सर, दुरुस्ती आम्हीच करणार आहोत. तुम्ही फक्त या," असे मुले म्हणाली. मी गेलो, आणि पाहतापाहता माझेही हात रेझीनने माखले.

आधी तपासणी

डॉक्टर औषध देण्यापूर्वी रोग्याची छाती ठोकून पाहतात. आम्हीही तेच केले. एक रुपयाचे नाणे घेऊन होडीच्या अंगावर बोटा-बोटाच्या अंतराने टकटक करीत गेलो. जिथे फायबरग्लास धडधाकट होता तिथे आवाज खणखणीत येई. जिथे थर एकमेकांपासून सुटले होते तिथे आवाज बसका येई. असे का? एकसंध कवच नाण्याच्या ठोक्याने एकदम कंप पावते. थर सुटले असले, की वरचा पातळ थर वेगळा थरथरतो आणि कंपनाची बरीच ऊर्जा मधल्या पोकळीत विरून जाते. मडके विकत घेताना आजी बोटाने वाजवून पाहते, त्यामागेही हेच विज्ञान आहे. बसक्या आवाजाच्या जागांवर आम्ही खडूने खुणा केल्या.

होडी उलटली तरी बुडू नये म्हणून तिच्यात हवेच्या बंद पेट्या असतात. त्यांना भेगा आहेत का, हे पाहण्यासाठी पेटीला रबरी नळी लावली, तोंडाने हलकेच हवा भरली आणि सांध्यांवर साबणाचे पाणी फिरवले. जिथे बुडबुडे, तिथे भेग. एक मुलगा सायकलचा पंप घेऊन आला, तेव्हा मात्र मी त्याला थांबवले. समजा, पेटीच्या एका बाजूचे क्षेत्रफळ अर्धा चौरस मीटर आहे. आतला दाब बाहेरच्यापेक्षा वातावरणाच्या दाबाच्या फक्त विसाव्या भागाने वाढला, तरी त्या बाजूवर सुमारे २५० किलोग्रॅम वजनाइतके बल पडेल! पेटी तपासण्याऐवजी आम्ही ती फोडूनच ठेवली असती.

ठिगळ कसे लावावे?

होडीच्या तळाला एके ठिकाणी तळहाताएवढा भाग खडकावर आपटून फुटला होता. तेवढाच भाग कापावा आणि त्यात तेवढाच तुकडा चिकटवावा, असे प्रथम वाटते. पण मग सगळा जोर भोकाच्या काठच्या अरुंद पट्टीवर येतो, आणि ठिगळ पहिल्याच लाटांत काठाने उचकटते. म्हणून भोकाभोवतीचा भाग पॉलिश कागदाने घासून उतरता करतात. जाडीच्या सुमारे बारा पट रुंदीचा उतार ठेवावा असा नियम आहे. आमच्या होडीची जाडी चार मिलिमीटर होती, म्हणजे भोकाच्या चारही बाजूंनी जवळजवळ पाच सेंटिमीटर उतार. त्यावर काचतंतूंच्या कापडाचे लहानमोठे तुकडे रेझीनमध्ये भिजवून एकावर एक बसवायचे. आता बल रुंद क्षेत्रफळावर वाटले जाते. बल तेच, पण क्षेत्रफळ वाढले, की प्रतिबल कमी होते.

रेझीनमध्ये थोडा घट्टकारक द्रव मिसळला, की रासायनिक क्रिया सुरू होते आणि उष्णता बाहेर पडते. एका मुलाने घाई करून डबाभर रेझीन एकदम कालवले. दहा मिनिटांत डबा हाताला चटका देऊ लागला आणि रेझीनचा दगड झाला. उष्णता सगळ्या घनफळात तयार होते, पण बाहेर पडते ती केवळ पृष्ठभागातून. म्हणून थोडे कालवावे आणि पसरट ताटलीत ठेवावे. (हे काम मोठ्या माणसांबरोबर, हातमोजे, चष्मा आणि तोंडावर मास्क घालून, उघड्या हवेतच करायचे असते. काचतंतूंची भुकटी अंगाला आणि फुप्फुसांना त्रास देते.)

तार जाड करावी का?

डोलकाठी एकटी उभी राहत नाही. दोन बाजूंनी दोन पोलादी तारा तिला ताणून धरतात. एकीचे दोन पदर टोकाजवळ तुटलेले दिसले. मुले म्हणाली, "सर, तीन मिलिमीटरऐवजी चार मिलिमीटरची तार घालू या!"

तारेची ताकद तिच्या छेदाच्या क्षेत्रफळावर, म्हणजे व्यासाच्या वर्गावर अवलंबून असते. तीनचा वर्ग नऊ, चारचा सोळा. म्हणजे तार पावणेदोन पटींहून थोडी अधिक मजबूत झाली असती. पण मग होडी तेवढी मजबूत झाली असती का? चला, हिशेब करू. शिडावर वाऱ्याचे बल ३० किलोग्रॅम वजनाइतके आहे आणि ते डोलकाठीच्या बुडापासून दोन मीटर उंचीवर आहे असे धरू. बलाचे आघूर्ण झाले ३० गुणिले २, म्हणजे ६०. तार होडीच्या काठाला, बुडापासून पाऊण मीटरवर बांधलेली आहे. ६० भागिले ०.७५ म्हणजे ८०. वारा ढकलतो ३० ने, पण तार होडीच्या काठाला वर ओढते ८० ने! हे ओढणे तार सहन करील, पण तार ज्या कडीला बांधली आहे तिचे काय? कडी ज्या बोल्टने धरली आहे त्याचे काय? साखळीची ताकद तिच्या सर्वांत दुबळ्या कडीइतकीच असते. एक कडी मजबूत केली, तर साखळी पुढच्या दुबळ्या ठिकाणी तुटते. आम्ही तीन मिलिमीटरचीच नवी तार घातली.

इथपर्यंत सारे ठीक होते. पुढची चूक मात्र माझी.

चकचकीत पितळ

डोलकाठीवर जिथे तारा अडकवतात, तिथले जुने बोल्ट झिजलेले दिसत होते. मी बाजारातून पितळेचे सुंदर बोल्ट आणले. पितळ गंजत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. मी ते स्वतः बसवले आणि मुलांना सांगितले, "आता दहा वर्षे बघायला नको!"

होडी पाण्यात उतरली. तो हंगाम छान गेला. पावसाळ्यात डोलकाठी प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवली. गोड्या पाण्याने धुवायची राहून गेली. २०१७ च्या डिसेंबरमध्ये दोघे विद्यार्थी होडी घेऊन खाडीच्या मुखाकडे गेले होते. वाऱ्याचा एक जोराचा झोत आला, 'कड्' असा आवाज झाला, आणि शिडासकट डोलकाठी एका बाजूला कोसळली. ती एका मुलाच्या डोक्यापासून वीतभर अंतरावरून गेली. दोघांनीही तरंगणारी जाकिटे घातली होती. जवळच मासेमारीची होडी होती. तिच्यातल्या तांडेलांनी दोघांना ओढून काठाला आणले.

त्या संध्याकाळी मी डोलकाठी पाहिली. तार शाबूत होती. पितळेचे बोल्टही जवळजवळ नव्यासारखे होते. पण बोल्टांभोवतीचे ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीत बदलले होते. भोके मोठी होऊन बोल्ट त्यांतून निसटून आले होते. माझा नवा भाग टिकला होता, आणि त्याने जुन्या शेजाऱ्याला खाऊन टाकले होते!

होडीतली बॅटरी

हे कसे झाले? दोन वेगवेगळे धातू एकमेकांना टेकले आणि दोघांवर मिठाचे पाणी असले, की विद्युत् घट तयार होतो. समुद्राच्या पाण्यात ॲल्युमिनियम आणि पितळ यांच्यात सुमारे अर्ध्या व्होल्टच्या आसपास विभवांतर असते. ॲल्युमिनियमचे अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतात. ते इलेक्ट्रॉन धातूतून पितळेकडे वाहतात, आणि तिथे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन त्यांना स्वीकारतो. पितळ सुरक्षित राहते, ॲल्युमिनियम झिजते. एरवी ॲल्युमिनियमला त्याच्या ऑक्साइडचा पातळ पापुद्रा सांभाळतो, पण मिठातले क्लोराइड आयन त्या पापुद्र्याला छिद्रे पाडतात. आमच्या प्लास्टिकच्या गुंडाळीने तर ओल आणि मीठ दोन्ही आत कोंडून ठेवले होते. पाण्याचा थर पातळ असला की झीज सगळीकडे पसरत नाही, सांध्याच्या अगदी जवळच होते. आणि सारा भार तर नेमका तिथेच होता!

या चुकीत मी पहिला नव्हतो, एवढेच माझे समाधान. लाकडी जहाजांचे तळ पोखरणाऱ्या किड्यांपासून बचाव व्हावा, म्हणून १७६१ साली ब्रिटिश नौदलाने 'अलार्म' नावाच्या जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. जहाज उष्ण समुद्रांत जाऊन आले. तपासणी झाली तेव्हा तांबे चांगले होते, पण ते धरून ठेवणारे लोखंडी खिळे जागोजाग गंजून गेले होते. गंमत अशी, की काही खिळे मात्र शाबूत होते. पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, त्याचे तुकडे त्या ठिकाणी चुकून तसेच राहिले होते. कागदाने लोखंड आणि तांबे यांना एकमेकांपासून दूर ठेवले होते. व्होल्टाने आपला विद्युत् घट १८०० साली लोकांपुढे मांडला. तेव्हा कारण ठाऊक नसतानाही, दोन धातू एकमेकांना टेकू देऊ नयेत हा धडा तपासणाऱ्यांनी घेतला.

पुढे १८२४ साली सर हंफ्री डेव्ही यांनी उलटा विचार केला. तांबे झिजू नये, म्हणून त्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडायचे. तांब्याऐवजी ते झिजतील! तांबे खरोखरच वाचले. पण नवीच अडचण उभी राहिली. तांबे थोडेथोडे विरघळत होते, म्हणूनच त्याच्या विषामुळे शेवाळ आणि शिंपले तळाला चिकटत नव्हते. तांबे विरघळायचे थांबले, तशी तळावर शेवाळाची आणि शिंपल्यांची गर्दी झाली आणि जहाजांचा वेग घटला. डेव्हींची युक्ती मात्र वाया गेली नाही. आजही पोलादी जहाजांच्या तळाला जस्ताचे किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे ठोकळे लावतात. ते स्वतः झिजतात आणि जहाजाला वाचवतात.

दुसरी दुरुस्ती

आम्ही खराब झालेला भाग सोडून थोड्या खाली नवी भोके पाडली आणि त्यांभोवती ॲल्युमिनियमचीच पट्टी बसवून नळीला बळकटी दिली. बोल्ट घातले स्टेनलेस स्टीलचे. तुम्ही लगेच विचाराल, "पण स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियम हेही दोन निराळे धातूच ना?" अगदी बरोबर! म्हणून बोल्टांभोवती नायलॉनच्या नळ्या आणि चकत्या घातल्या, आणि सांध्यांत पाणी शिरू न देणारा लेप भरला. 'अलार्म'च्या खिळ्यांना कागदाने जे दिले, ते आमच्या बोल्टांना नायलॉनने दिले. शिवाय दोन नियम केले. होडी काठाला आली, की डोलकाठी गोड्या पाण्याने धुवायची. आणि दर महिन्याला बोल्ट उघडून पाहायचे. 'दहा वर्षे बघायला नको' हे वाक्य आता आमच्यात कोणी उच्चारत नाही.

तुम्ही करून पाहा

काचेचे तीन पेले घ्या. एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवा, म्हणजे पाणी समुद्राइतके खारट होईल. ते तिन्ही पेल्यांत ओता. साधे लोखंडी खिळे पॉलिश कागदाने घासून स्वच्छ करा. पहिल्या पेल्यात नुसता खिळा टाका. दुसऱ्या खिळ्याला तांब्याची उघडी तार घट्ट गुंडाळा. तिसऱ्याला जस्ताचा मुलामा दिलेली तार घट्ट गुंडाळा. चार-पाच दिवस रोज पाहा आणि वहीत नोंद करा. कोणत्या पेल्यात तांबूस गंज सर्वांत जास्त येतो? कोणता खिळा सर्वांत स्वच्छ राहतो? तिसऱ्या पेल्यात पांढरी भुकटी दिसली, तर ती कशाची असेल? मग तांब्याची तार आणि खिळा यांच्यामध्ये कागद न ठेवता प्लास्टिकची पट्टी ठेवून तोच प्रयोग पुन्हा करा. कागद का नको, याचा विचार तुम्हीच करा. (आपल्या पेल्यात कागद भिजून लगदा होतो, एवढीच खूण सांगतो.)

यापुढे सायकल असो, पंप असो की नळ, नवा भाग बसवताना तो किती मजबूत आहे एवढेच पाहू नका. शेजारच्या जुन्या भागाशी तो कसा वागेल, हेही विचारा. आमची होडी अजून खाडीत फिरते. डोलकाठी पडली तेव्हा तिच्यात बसलेला एक विद्यार्थी आता नव्या मुलांना होडी दाखवतो, आणि पहिल्याच दिवशी पितळेचा तो बोल्ट त्यांच्या हातात ठेवतो.