एक वीत पुढे

दीड महिन्यापूर्वी विश्रामबागेतल्या आमच्या घरातला टीपॉय भिंतीला लागला, तो अजून तिथेच आहे. मोकळ्या झालेल्या जागेत वाकळ अंथरली. वाकळेवर माझी साडेसात महिन्यांची नात पालथी आणि तिच्यापुढे स्टीलच्या डब्याचं झाकण. तिला ते झाकण हवं होतं. तिनं दोन्ही तळहात टेकले, कोपरं ताठ केली, सगळा जीव एकवटून जोर लावला आणि ती मागे सरकली. पुन्हा जोर, पुन्हा मागे. चौथ्या खेपेला पाय सोफ्याखाली गेले आणि रडू फुटलं. "आई, ही मागंच जातीय की!" म्हणत लेक तिला उचलायला धावली.

मागे जाण्यात काही चुकत नाही. बाळाला स्वतःच्या अंगावर ताबा मिळतो तो वरून खाली. आधी मान सावरते, मग खांदे आणि हात, मग कंबर, आणि सर्वांत शेवटी मांड्या-गुडघे. या वयात हातांत रेटा असतो, पण पायांना आपलं काम उमगलेलं नसतं. हातांनी जमीन रेटली की अंग मागेच जाणार. अशा वेळी बाळाला उचलू नका, त्याच्या पायांशी जाऊन बसा. त्यानं गुडघे पोटाशी दुमडले की तुमचा तळहात त्याच्या तळव्यांमागे भिंतीसारखा धरा. ढकलायचं अजिबात नाही. पाय झाडताना तळव्यांना टेकू मिळतो आणि अंग आपोआप चार बोटं पुढे जातं. नातीचं अंग असं पहिल्यांदा पुढे गेलं, तेव्हा ती रडायची थांबली आणि झाकणाकडे नुसती बघत राहिली.

रांगण्याची तयारी मात्र याच्या कितीतरी आधी सुरू होते. अगदी तान्ह्या बाळालाही जागेपणी दोन-चार मिनिटं पालथं घालता येतं, आणि त्यासाठी सगळ्यांत चांगली जागा म्हणजे आडव्या पडलेल्या बाबाची छाती. बाबा बोलतो, छातीतून आवाज घुमतो, चेहरा बघायला बाळ मान उचलतं. हळूहळू वेळ वाढवायचा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. न रांगणाऱ्या बाळाला दिवसभरात मिळून निदान ३० मिनिटं जागेपणी पालथं ठेवावं, असं त्यांत म्हटलं आहे. एका दमात अर्धा तास नाही, थोडं थोडं करून. दूध पाजल्यावर लगेच पालथं घालू नये, नाहीतर प्यायलेलं सगळं वाकळेवर येतं. आणि झोपवायचं ते उताणंच. पालथं झोपवण्यात जिवाला धोका असतो, म्हणून यात तडजोड नको.

काही बाळं पालथं घातलं की भोकाड पसरतात. त्यांच्या छातीखाली, काखेत येईल असा टॉवेलचा गुंडाळा ठेवून पाहा. समोर भिंतीला स्टीलचं चकचकीत ताट उभं करा. त्यात हलणारा चेहरा आपलाच आहे हे त्याला कळत नाही, पण बघायचं मात्र असतं, आणि त्यासाठी मान वर ठेवावी लागते. खेळण्यांच्या दुकानापेक्षा आपल्या मांडणीवरची भांडी इथे जास्त कामाला येतात, हे मी अनुभवानं सांगते.

आपल्याकडे अडचण वेगळीच असते. घरात माणसं असली की बाळ खाली उतरतच नाही. आजीच्या मांडीवरून आत्याच्या कडेवर, तिथून पाळण्यात, पाळण्यातून शेजारच्या काकूंकडे. माया सगळ्यांचीच खरी, पण बाळाला जमीन मिळत नाही. "खाली नको ठेवू, धूळ लागेल" हे वाक्य मी स्वतः माझ्या लेकीच्या वेळी कितीदा तरी बोलले आहे. फरशी पुसून वाकळ टाकली की धुळीचा प्रश्न मिटतो. गादीवर किंवा पलंगावर मात्र रांगायला शिकता येत नाही. गादी खाली दबते आणि हाताला रेटा मिळत नाही. जाड सतरंजी, वाकळ, घोंगडीवर टाकलेली चादर, असं काहीतरी कडक पण उबदार हवं.

फरशीचंही बघावं लागतं. विश्रामबागेतल्या जुन्या बंगल्यांत शहाबादी फरशी असायची, तिच्यावर बाळाचा गुडघा धरायचा. आताच्या अपार्टमेंटमधल्या गुळगुळीत टाइल्सवर तो घसरतो, आणि त्यात सकाळीच तेल चोळून आंघोळ झालेली असते. अंगाला तेलाचा ओशटपणा राहिला असेल तर हातापायांचे तळवे आणि गुडघे कोरड्या पंचानं नीट टिपून घ्या. मोजे काढा. लांब फ्रॉक घालू नका, गुडघा त्याच्या घेरात अडकतो आणि बाळ तोंडावर आपटतं. तळवे उघडे, गुडघे उघडे, अंगात एक झबलं आणि लंगोट, एवढं पुरे. रांगायला न शिकणाऱ्या कितीतरी बाळांची अडचण एवढीच असते की त्यांचे पाय घसरत असतात.

आता खरी मेख. बहुतेक घरांत देवघरात पितळेचा रांगता बाळकृष्ण असतो. त्याच्याकडे एकदा नीट बघा. एक हात जमिनीला टेकलेला, दुसऱ्या हातात लोण्याचा गोळा, आणि तो हात वर उचललेला. रांगण्याचं सगळं मर्म त्या उचललेल्या हातात आहे. स्वतः करून बघा. हात आणि गुडघे टेकून जमिनीवर उभे राहा आणि उजवा हात उचला. उचलण्याच्या आधीच तुमचं वजन डाव्या खांद्यावर गेलेलं असतं. ते नकळत होतं, म्हणून आपल्या ध्यानात येत नाही. बाळाला ते शिकावं लागतं. हातागुडघ्यांवर आलेलं बाळ सुरुवातीला नुसतं पुढेमागे हिंदोळे घेतं. आठवडा-दोन आठवडे तेवढंच चालतं, आणि घरच्यांना वाटतं की गाडी अडली. प्रत्यक्षात ते वजन तोलून बघत असतं, किती पुढे झुकलं की तोंडावर पडतो आणि किती मागे गेलं की बुडावर बसतो. त्या हिंदोळ्यांच्या तालावर एखादं बडबडगीत म्हणा, पण पुढे ओढू नका.

हात उचलायला जमला की पुढचं कोडं म्हणजे उजव्या हाताबरोबर डावा गुडघा, आणि डाव्या हाताबरोबर उजवा. तेल लावायला येणाऱ्या मावशी बाळाचा एक हात आणि विरुद्ध बाजूचा पाय पोटावर एकत्र आणतात, मग बाजू बदलतात. रांगण्यात तीच तिरकी जोडी लागते. मालिशीमुळे मूल लवकर रांगतं असं मी म्हणणार नाही, पण त्या वेळी बाळ जे खिदळतं तेवढ्यासाठीसुद्धा ते करावं.

म्हणून खेळ निवडताना एकच विचार ठेवायचा, की यात बाळाला एक हात उचलावा लागेल का? झाकण अगदी हाताशी नको, खोलीच्या टोकालाही नको. बाळ हात लांब करेल आणि एक वीत कमी पडेल, इतकंच दूर. तीन-चार प्रयत्नांत ते हाती लागलंच पाहिजे. हाती लागायच्या आत ते पुन्हा मागे ओढायचा मोह मोठ्या माणसांना फार होतो. तसं करू नका. दोनदा फसलेलं बाळ तिसऱ्यांदा हातच पुढे करत नाही. मिळालं की ते तोंडात घालू द्या, जमिनीवर आपटू द्या. तो त्याचा विजय आहे.

पोटावर असतानाच झाकण समोर न ठेवता उजव्या-डाव्या कुशीजवळ ठेवलं की बाळ पोटाभोवती घड्याळाच्या काट्यासारखं फिरतं. यात वजन एका बाजूवरून दुसरीकडे टाकायचा सराव आपोआप होतो. दुसरा खेळ मांडीचा. तुम्ही पाय पसरून बसा आणि बाळाला एका मांडीवर आडवं पालथं ठेवा, तळहात एका बाजूला जमिनीवर, गुडघे दुसऱ्या बाजूला. पोटाचा भार तुमच्या मांडीनं घेतलेला असतो, त्यामुळे हात उचलून समोरची वाटी घेणं त्याला परवडतं. हा खेळ नातीबरोबर मी सगळ्यांत जास्त खेळले. चार-पाच दिवसांत ती मांडीवरून स्वतःच पुढे उतरू लागली.

पुढे जायला लागलं की घरंगळणारी वस्तू हवी. चेंडू फार जोरात पळतो. प्लॅस्टिकच्या छोट्या बाटलीत चार बांगड्या टाकून झाकण घट्ट चिकटवून टाका. ती सावकाश लोळते, वाजते आणि थांबते, जणू बाळाची वाट बघते. मग पडद्याआडून 'बुवा कुक', खालून-वरून कापलेल्या खोक्याचं भुयार, आडवा टाकलेला लोड ओलांडायचा डोंगर. आणि मोठ्या माणसानं स्वतः रांगायचं. आमच्याकडे आजोबा पुढे रांगतात आणि नात मागून. ज्या दिवशी ते खाली बसतात, त्या दिवशी ती दुप्पट अंतर काटते.

सगळी मुलं हातागुडघ्यांवर येतातच असं नाही. कुणी सैनिकासारखं कोपरांवर सरपटतं, कुणी बुडावर बसून एका हातानं वल्हवतं, कुणी खेकड्यासारखं तिरकं जातं. संशोधक कॅरन अॅडॉल्फ यांनी १९९८ साली सहकाऱ्यांबरोबर २८ मुलांचं रांगणं टिपलं. जी मुलं आधी पोटावर सरपटली होती, ती पुढे हातागुडघ्यांवर आली तेव्हा न सरपटलेल्यांपेक्षा सफाईनं रांगत होती. म्हणजे ते 'वेडंवाकडं' सरपटणं वाया जात नाही.

वयाबद्दल शेजारीपाजारी फार घाई करतात. जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह पाच देशांतल्या ८१६ मुलांचा अभ्यास करून २००६ साली जी कालमर्यादा दिली, ती हातागुडघ्यांवर रांगण्यासाठी ५.२ पासून १३.५ महिन्यांपर्यंत पसरलेली आहे. त्यातली ४.३ टक्के मुलं तशी रांगलीच नाहीत आणि तरी चालू लागली. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेनं तर २०२२ साली वाढीच्या टप्प्यांच्या यादीतून रांगणं काढूनच टाकलं, आणि त्यावर तिथल्या अनेक फिजिओथेरपिस्टनी नाराजी दाखवली. मला त्यांचं म्हणणं पटतं. टप्पा यादीत असो वा नसो, हात उघडून जमिनीवर भार घेण्याची संधी बाळाला मिळायलाच हवी. दिवस पूर्ण व्हायच्या आधी जन्मलेल्या बाळाचं वय मात्र डॉक्टरांनी दिलेल्या तारखेपासून मोजा. दोन महिने लवकर आलेलं नऊ महिन्यांचं बाळ रांगण्याच्या हिशेबात सात महिन्यांचंच असतं.

काही गोष्टींत मात्र वाट बघत बसू नये. नऊ महिने उलटले तरी आधाराशिवाय बसत नाही, अंग फार ताठ किंवा कापडासारखं सैल आहे, पाय कात्रीसारखे एकमेकांवर जातात, नेहमी एकच हात वापरतं आणि दुसरी बाजू फरफटते, येत असलेली गोष्ट करेनासं झालं, किंवा वर्षाचं झालं तरी कुठल्याच पद्धतीनं जागचं हलत नाही, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. लसीकरणाच्या वेळी मिळालेलं माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर न्या, त्यात वाढीचे टप्पे छापलेले असतात. अंगणवाडीताई किंवा आशाताईंना विचारलं तरी त्या वाट दाखवतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची सोय अशाच मुलांसाठी केलेली आहे.

चाकांचा वॉकर घेऊ नका. सुताराकडचा जुना लाकडी पांगुळगाडा उभं राहू शकणाऱ्या मुलानं मागून ढकलायचा असतो, त्याची गोष्ट वेगळी. मध्ये झोळी असलेला वॉकर बाळाला आयतं उभं करतो, जमिनीवरचा वेळ खातो आणि पायऱ्यांवरून गडगडतो. कॅनडानं २००४ साली त्यावर बंदीच घातली.

बाळ रांगू लागायच्या आधी एकदा स्वतः घरभर रांगून बघा. मला त्या उंचीवरून मिक्सरची लोंबणारी वायर दिसली, डासांच्या मशीनचा प्लग दिसला, आणि कपाटाखाली दोन बेदाणे आणि भडंगातला एक शेंगदाणा सापडला. आमच्या भागात हे घरोघरी सांडलेलं असतंच, आणि तेवढा दाणा बाळाच्या श्वासनळीत अडकायला पुरतो. घड्याळातली बटणाएवढी बॅटरी त्याहून घातक. न्हाणीघरात पाणी भरलेली बादली ठेवू नका, थोड्या पाण्यातही बाळ बुडतं. समई वर, चहाचा कप मध्यभागी, आणि पलंगावर एकटं क्षणभरही नाही. बर्कली विद्यापीठाचे संशोधक जोसेफ कँपोस यांनी सहकाऱ्यांसह १९९२ साली दाखवून दिलं की उंचीची भीती रांगण्याच्या अनुभवातून येते. नव्यानं रांगणाऱ्याला पलंगाची कड म्हणजे पुढची वाटच वाटते.

काल संध्याकाळी बांगड्यांची बाटली लोळत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापलीकडे गेली. नात उंबऱ्यापाशी थांबली. तिनं त्यावर तळहात ठेवला, दोनदा थापटलं, वळून आमच्याकडे बघितलं. लेक पुढे झाली तेव्हा मी तिचा हात धरून ठेवला. मग एक गुडघा उंबऱ्यावर चढला, पोट लाकडाला घासलं, दुसरा हात पलीकडच्या फरशीवर टेकला, आणि बाटली वाजली.