डोमेन-नाम नोंदणी-माहिती

डोमेन-नाम नोंदणी-माहिती : इंटरनेटवरील एखादे डोमेन-नाम कोणाच्या नावे, कोणत्या नोंदणीसंस्थेमार्फत व किती मुदतीसाठी नोंदलेले आहे, यासंबंधीच्या तपशिलास नोंदणी-माहिती म्हणतात. नोंदणीधारकाचे नाव, टपालाचा पत्ता, दूरध्वनी क्रमांक व ई-मेल, तसेच नोंदणीची व मुदत संपण्याची तारीख यांचा तीत समावेश होतो. ही माहिती पाहण्याच्या मूळ व्यवस्थेस ‘हू-इज’ (कोण आहे?) असे नाव आहे. सु. ३६ वर्षे ती कोणासही, कारण न विचारता, उपलब्ध होती. २०१८ पासून तिच्यावर मर्यादा आल्या.

इतिहास : हू-इजचा उगम अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या अर्पानेट या संगणकजाळ्यात झाला. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड येथे स्थापन झालेल्या एसआरआय या संशोधनसंस्थेतील माहितीकेंद्र एलिझाबेथ फाइनलर यांच्या नेतृत्वाखाली जाळ्यावरील व्यक्तींची निर्देशिका ठेवीत असे. या निर्देशिकेस संगणकाद्वारे प्रश्न विचारण्याची नियमावली केन हॅरेनस्टीन व व्हिक व्हाइट यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केली. त्या वेळी वापरकर्ते थोडे व बव्हंशी संशोधक असल्याने ही निर्देशिका एखाद्या कचेरीतील दूरध्वनी-पुस्तिकेसारखीच होती. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या आयकॅन या संस्थेने नोंदणीसंस्थांशी केलेल्या करारांत ही माहिती सार्वजनिक ठेवण्याचे बंधन घातले. अशा रीतीने परस्परपरिचितांसाठी केलेली सोय जगभरच्या कोट्यवधी अपरिचितांना लागू झाली.

दोष : बँकेच्या नावाशी मिळतेजुळते नाव घेऊन ठेवीदारांना फसविणाऱ्यांचा शोध घेणे, व्यापारचिन्हांचे रक्षण करणे व जाळ्यातील बिघाड संबंधितांस कळविणे, यांसाठी ही माहिती उपयोगी पडते. तथापि हीच माहिती जाहिरातबाजांना अनाहूत पत्रे पाठविण्यास आणि द्वेष करणाऱ्यांना नोंदणीधारकाच्या घरापर्यंत पोहोचण्यास साधन ठरते. राज्यकर्त्यांवर टीका करणाऱ्याच्या बाबतीत तर पत्ता उघड होणे जिवावर बेतू शकते. परिणामी अनेकांनी खोटी माहिती दिली, तर काहींनी पैसे देऊन मध्यस्थाच्या नावे नोंदणी केली. यामुळे प्रामाणिक माणसाचा पत्ता उघडा व लबाडाचा खोटा, अशी विपरीत स्थिती उद्‌भवली. यूरोपीय देशांच्या माहिती-संरक्षण अधिकाऱ्यांच्या गटाने २००३ मध्येच हू-इजविषयी आक्षेप नोंदविले होते.

तांत्रिक रचनाही अपुरी होती. हू-इजचे उत्तर साध्या मजकुराच्या स्वरूपात येई व त्याची मांडणी प्रत्येक संस्थेत निराळी असे. रोमन लिपीखेरीज अन्य लिप्यांची निश्चित तरतूद तीत नव्हती. २०१४ मध्ये मराठी, हिंदी, कोंकणी इ. भाषांसाठी देवनागरीतील ‘.भारत’ हे नामक्षेत्र खुले झाल्यावर ही उणीव भारतीयांसही लागू झाली. सर्वांत मोठी अडचण अशी की, विचारणारा कोण, हे ओळखण्याची सोयच हू-इजमध्ये नव्हती. त्यामुळे सर्वांना सर्व काही दाखविणे किंवा कोणासच काही न दाखविणे, एवढेच पर्याय उरत.

सुधारणा : आयकॅनने नेमलेल्या तज्ञगटाने २०१४ मध्ये, प्रत्येकास सरसकट माहिती देण्याची पद्धत सोडून प्रयोजनानुसार ती द्यावी, अशी शिफारस केली. २०१५ मध्ये ‘आरडॅप’ ही नवी नियमावली प्रसिद्ध झाली. तीत उत्तराची रचना ठरलेली असून सर्व लिप्यांचा अंतर्भाव होऊ शकतो आणि विचारणाऱ्याची ओळख पटवून त्यास कमी-अधिक माहिती देता येते.

प्रत्यक्ष बदल मात्र कायद्याने घडविला. २५ मे २०१८ रोजी यूरोपीय संघाचा वैयक्तिक माहिती-संरक्षण कायदा लागू झाला. आठच दिवस आधी आयकॅनने तात्पुरते नियम करून व्यक्तीचे नाव, रस्ता, दूरध्वनी इ. तपशील झाकण्यास मुभा दिली. देश, तारखा व नोंदणीसंस्थेचे नाव मात्र उघड राहिले. त्याच महिन्यात एका जर्मन नोंदणीसंस्थेने व्यवस्थापकीय व तांत्रिक संपर्काचा जादा तपशील गोळा करण्याचेच नाकारले, तेव्हा आयकॅनने बॉन येथील न्यायालयात धाव घेतली. हा तपशील आवश्यक असल्याचे सिद्ध झाले नाही, म्हणून न्यायालयाने तिची मागणी फेटाळली. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये झाकलेल्या माहितीसाठी विनंत्या पाठविण्याची एक प्रायोगिक प्रणाली सुरू झाली. तीत भाग घेणे नोंदणीसंस्थांना ऐच्छिक होते. ‘.कॉम’सारख्या सर्वसाधारण नामक्षेत्रांत हू-इज चालविण्याचे बंधन २८ जानेवारी २०२५ रोजी संपले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये आयकॅनचे कायम धोरण अंमलात आले. ‘.इन’सारख्या देशवाचक नामक्षेत्रांचे नियम त्या त्या देशात ठरतात.

मूल्यमापन : माहिती निवडक रीत्या देण्याचे साधन आता सिद्ध आहे, ती कोणास द्यावी, हा प्रश्न मात्र सुटलेला नाही. विनंती मान्य करावयाची की नाही, हे प्रत्येक नोंदणीसंस्था स्वतः ठरविते. आयकॅनच्या धोरणाप्रमाणे उत्तरास सर्वसाधारणपणे ३० दिवसांपर्यंत अवधी मिळतो. यूरोपीय संघाच्या २०२२ च्या निर्देशाने तो ७२ तासांवर आणला आहे. फसवणुकीचे संकेतस्थळ थोड्या दिवसांतच आपले काम उरकून नाहीसे होऊ शकते, म्हणून विलंब झाल्यास तपास निष्फळ ठरतो. उलट, पोलिसांच्या नावे आलेली प्रत्येक विनंती तत्काळ मान्य केल्यास टीकाकाराचा पत्ता त्याचा छळ करणाऱ्या सत्तेच्याच हाती जाण्याचा धोका असतो. विनंत्यांची छाननी करणारी, उभय पक्षांस विश्वासार्ह वाटणारी व आपल्या निर्णयांची कारणे देण्यास बांधलेली यंत्रणा निर्माण होईपर्यंत ही सुधारणा अपुरीच म्हणावी लागेल.