बंदूक हवी? आधी कारण सांगा!

राजाजीनगरला ज्यांचं नाव मिळालं ते चक्रवर्ती राजगोपालाचारी म्हणजे गांधीजींचे व्याही. अशा वस्तीत बंदुकीचा विषय काढणं तसं अवघडच. पण याच राजाजीनगरात बेंगळुरूची जुनी औद्योगिक वसाहतही आहे. तिथल्या शेडमधून चक्कर मारली की मायक्रॉनच्या हिशोबात लोखंड कापणारी माणसं भेटतात. त्यांत बेळगाव-निपाणीकडून आलेले, मालकाशी कन्नडमध्ये आणि मशीनशी मराठीत बोलणारे टर्नरही असतात. आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, लेथच्या चकला झेंडूची माळ घालतात, व्हर्नियर कॅलिपरला गंध लावतात आणि दारात कुंकू भरलेला कोहळा फोडतात. मशीन बंद, चुरमुरे-फुटाणे चालू. अशा निवांत वेळी एखादा पोरगा हमखास विचारतो, "अमेरिकेत म्हणे लोक गॅरेजमध्ये स्वतःची बंदूक बनवतात. तिथं राज्याराज्याचा कायदा वेगळा. मग आपल्या कर्नाटकाचा कायदा काय म्हणतो?"

काहीच म्हणत नाही. कर्नाटकाला बंदुकीचा स्वतःचा कायदाच नाही. महाराष्ट्राला नाही, गोव्यालाही नाही.

अणुऊर्जेच्या शेजारी

राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात केंद्राच्या कामांची यादी आहे. तिथं पाचव्या नोंदीत शस्त्रं, बंदुका, दारूगोळा आणि स्फोटकं बसली आहेत. लगेच सहावी नोंद अणुऊर्जेची! म्हणजे आजोबांची एकनळी आणि अणुभट्टी घटनेच्या एकाच बाकावर. कायदा एकच, १९५९ चा शस्त्र कायदा. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला, आणि सध्याचे नियम २०१६ चे आहेत. राधानगरीत आणि राजाजीनगरात कलमं तीच. फरक इतकाच की जिल्ह्यात अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि बेंगळुरूत इन्फंट्री रोडवर पोलीस आयुक्तांकडे.

व्हाइसरॉय लिटनने १८७८ साली आधीचा शस्त्र कायदा आणला. देशी वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच साली, त्याच साहेबाचा. गांधीजींनी १९१८ मध्ये या शस्त्रबंदीला ब्रिटिशांच्या काळ्या कृत्यांतलं सगळ्यात काळं म्हटलं होतं. अहिंसावाद्याचं हे मत ऐकून आजही लोक चमकतात. (ते पत्रक सैन्यभरतीसाठी होतं, हे सांगितलं की आणखी चमकतात.) १९३१ च्या कराची काँग्रेसने तर मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला होता.

मग तो घटनेत का नाही आला? डिसेंबर १९४८ मध्ये हरी विष्णू कामत यांनी घटना समितीत तशी दुरुस्ती मांडली होती. डॉ. आंबेडकरांनी ती मान्य केली नाही. आता आग्रह धरायचा असेल तर शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा नव्हे, कर्तव्याचा धरावा, असा त्यांचा रोख होता. दुरुस्ती पडली. अमेरिकन माणूस बंदुकीच्या दुकानात हक्क घेऊन शिरतो आणि आपण अर्ज घेऊन शिरतो, त्याचं मूळ इथं आहे.

श्रीमंत असणं ही अट नाही

अर्जदाराचं वय २१ पूर्ण हवं. नेमबाजीच्या सरावाला मात्र बाराव्या वर्षापासून, देखरेखीखाली, मुभा आहे. ती नसती तर कोल्हापूरच्या राही सरनोबत, तेजस्विनी सावंत किंवा पॅरिसमध्ये २०२४ ला कांस्य जिंकणारा कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे यांच्यासारख्यांनी सुरुवात तरी कधी करायची?

अर्जात जिवाला धोका, शेतीची राखण, खेळ असं काहीतरी कारण लिहावं लागतं. मग बंदूक सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला. पोलिसांनी ३० दिवसांत अहवाल द्यायचा आणि अधिकाऱ्याने त्यानंतर ६० दिवसांत निर्णय, असं नियम सांगतो. सरकारी नियमातले दिवस आणि भिंतीवरच्या कॅलेंडरातले दिवस वेगळे असू शकतात, हे वाचकांना मी सांगायला नको. परवाना मिळाला की त्यात लिहिलेल्या प्रकारचंच शस्त्र परवानाधारक दुकानातून घ्यायचं आणि त्याचा नंबर परवान्यावर चढवून घ्यायचा. परवान्याला देशभराच्या नोंदवहीतला स्वतंत्र क्रमांक असतो. तो नसेल तर परवाना म्हणजे नुसता कागद.

यातलं माझं आवडतं कलम १४ आहे. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असं ते स्पष्ट सांगतं. बंदूक ही जमीनदारांची मिरासदारी ही समजूत कायद्याने कधीच मोडीत काढली आहे. दुकानातल्या किमतींनी मात्र ती टिकवून ठेवली. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून 'निर्भीक' हे अर्ध्या किलोचं रिव्हॉल्व्हर काढलं, त्याची किंमत होती सव्वा लाखाच्या घरात! त्या पैशात राजाजीनगरात चांगली स्कूटर येत होती आणि वर हेल्मेटही.

तसंच एक बोअरचं गणित. सैन्य-पोलिसांच्या वापरातलं थ्री नॉट थ्री किंवा नऊ मिलिमीटर सामान्य माणसाला बंद. त्याच्या वाट्याला .३२ चं रिव्हॉल्व्हर, .३१५ ची रायफल आणि बारा बोअरची बंदूक. बारा बोअर म्हणजे किती, हे ती बाळगणाऱ्यांनाही अनेकदा ठाऊक नसतं. एक पौंड शिशाच्या सारख्या मापाच्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल, ती बारा बोअर. म्हणून आकडा वाढला की नळी बारीक होते.

तिसरी बंदूक गेली

२०१९ पर्यंत एका माणसाला तीन बंदुका ठेवता येत. त्या वर्षी दुरुस्ती आली, तिच्या मसुद्यात तर एकच ठेवा असं होतं. खासदारांनी आरडाओरडा केल्यावर तडजोड दोनवर झाली. परवान्याची मुदत मात्र तीनची पाच वर्षं झाली. लग्नाच्या वरातीत किंवा विजयाच्या मिरवणुकीत हवेत बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. नवरदेवाचा मामा असणं हा बचाव चालत नाही.

लेथवाल्या पोराच्या प्रश्नाचं उत्तरही याच दुरुस्तीत आहे. परवान्याशिवाय बंदूक बनवली तर किमान सात वर्षं आणि कमाल जन्मठेप. विकण्यासाठी नाही, हौसेसाठी बनवली, हे सांगून सुटका नाही. थ्री-डी प्रिंटरने बनवली तरी तेच. इतकंच काय, स्वतःच्या परवान्याच्या बंदुकीची नळी आखूड करायलाही वेगळा परवाना लागतो. खेळण्यातल्या पिस्तुलाचं खरं करायला तर लागतोच.

कायदेशीर वाट नाही असं नाही. बेंगळुरूतलीच, मुळात स्प्रिंगा बनवणाऱ्या घराण्यातली एसएसएस डिफेन्स ही खासगी कंपनी आज 'वायपर' आणि 'सेबर' या स्नायपर रायफली बनवते. जो हात गाडीची स्प्रिंग बिनचूक वळवतो, त्याला नळीतले आटे परके नाहीत. फरक केंद्राच्या परवान्याचा. तो नसलेल्यांचा धंदा गावठी कट्ट्याचा. जळगावच्या चोपडा तालुक्याला लागून मध्य प्रदेशात असलेलं उमर्टी त्यासाठी पोलीस डायऱ्यांमध्ये वर्षानुवर्षं गाजतंय. पत्रकार गौरी लंकेश यांच्यावर ५ सप्टेंबर २०१७ ला बेंगळुरूत गोळ्या झाडल्या गेल्या, त्या देशी बनावटीच्या ७.६५ मिलिमीटर पिस्तुलातून. तसल्या हत्याराला ना अर्ज, ना दाखला, ना ६० दिवस.

कुब्बन साहेबाची भेट

कायदा देशभर एक म्हटलं खरं, पण बेंगळुरूहून पाच-सहा तासांवर त्याला एक भलंमोठं भोक आहे. त्याचं नाव कोडगू. तिथले कोडवा लोक आणि जम्मा, म्हणजे वंशपरंपरागत, जमिनीचे धारक यांना बंदुकीसाठी परवानाच लागत नाही. ज्यांच्या नावाच्या बागेत बेंगळुरूकर रविवारी सकाळी पळतात, त्या मार्क कुब्बन साहेबांनी १८६१ मध्ये त्यांना ही सूट दिली. लिटनचा कायदा आला, गेला, १९५९ चा आला, सूट टिकली. आता ती कलम ४१ खाली केंद्राच्या अधिसूचनेने मिळते आणि सध्याची मुदत ऑक्टोबर २०२९ पर्यंत आहे. सूट हातबंदुकींना नाही हं. पिस्तूल-रिव्हॉल्व्हर हवं असेल तर कोडव्यालाही रांगेत उभं राहावं लागतं.

सप्टेंबरच्या सुरुवातीला, भात लावणी आटोपली की तिथं कैलपोद येतो. बंदुका, कोयते, नांगर पुसून देवघराजवळ मांडतात, फुलं वाहतात आणि मग गावाबाहेर उंच झाडावर नारळ बांधून नेम धरायच्या शर्यती लागतात. कुप्य हा पारंपरिक कोट घातलेले आजोबा आणि कॉलेजातली नात एकाच रांगेत. घरात मुलगा जन्मला की हवेत एक बार, माणूस गेला की दोन. बार मोजले की गावाला बातमी कळते. स्वतंत्र भारताचे पहिले भारतीय सरसेनापती करिअप्पा याच मातीतले.

एका निवृत्त कॅप्टनने या सवलतीला समानतेच्या मुद्द्यावर कर्नाटक उच्च न्यायालयात आव्हान दिलं. २०२१ च्या सप्टेंबरात न्यायालयाने ते फेटाळलं. परंपरा जुनी आहे, सूट मुदतीची आणि अटींची आहे, असं कारण दिलं. मला स्वतःला जन्मावरून बंदूक मिळणं पटत नाही. पण या सवलतीमुळे कोडगूत रोज गोळीबार होतात असंही काही दिसत नाही, हेही मान्य करायला हवं.

डुक्कर निवडणुकीला थांबत नाही

सिंधुदुर्ग-गोव्याकडे विषय वेगळाच. तिथं बंदूक म्हणजे ठासणीची: नळीतून दारू भरा, गजाने ठासा, छर्रे घाला, केप लावा, मग बार. शेतीसंरक्षणाचा परवाना अशा बंदुकीला मिळतो आणि कायद्याचा या खऱ्या गरजेकडे ओढाही आहे. पण निवडणूक जाहीर झाली की पोलिसांचा निरोप येतो, बंदुका जमा करा. इकडे मतांची पेरणी आणि तिकडे रानडुकरांची कापणी! हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि २००९ पासून पद्धत बदलली. सरसकट नाही, छाननी समितीने कोणाकडून शस्त्र जमा करायचं ते एकेक पाहून ठरवायचं. प्रत्यक्षात सरसकटच निरोप जातात, अशी तक्रार शेतकरी अजून करतात.

टेक्सासचा भाचा

राजाजीनगरातल्या प्रत्येक दुसऱ्या घरातलं कोणीतरी अमेरिकेत असतं, म्हणून हे सांगून ठेवतो. तिथं स्वतःपुरती बंदूक घरी बनवायला केंद्राचा परवाना लागत नाही, पण राज्यं आपापली वेसण घालतात. कॅलिफोर्नियात घरगुती बंदुकीवरही अनुक्रमांक कोरावा लागतो आणि दुकानातून घ्यायची तर दहा दिवस थांबावं लागतं. टेक्सासात २०२१ पासून २१ वर्षांवरच्या बहुतेकांना परवान्याशिवाय पिस्तूल जवळ बाळगता येतं. हे ऐकून एच-वन-बीवर गेलेला भाचा हुरळला तर त्याला आवरा. त्या व्हिसावरच्या माणसाला केंद्रीय कायदा बंदूक बाळगायला मनाई करतो. अपवादांतला सगळ्यात गमतीचा म्हणजे शिकारीचा वैध परवाना असेल तर चालतं! ग्रीन कार्ड मिळालं की ही आडकाठी जाते.

उरलंसुरलं

मिरचीचा स्प्रे बंदूक नाही. तरीही २०२४ मध्ये बेंगळुरूच्या एका दुकानातल्या भांडणात तो वापरल्याचा गुन्हा रद्द करायला कर्नाटक उच्च न्यायालयाने नकार दिला आणि प्रथमदर्शनी तो धोकादायक हत्यार असल्याचं म्हटलं. पर्समध्ये ठेवा, पण हमरीतुमरीत काढू नका.

विमानतळावर बॅगेत एखादं विसरलेलं काडतूस सापडलं की थेट गुन्हा दाखल होतो. मात्र शस्त्र बाळगणं जाणूनबुजून असायला हवं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ पासून सांगितलं आहे आणि त्यावर बरेच जण सुटतात. विमान तोवर गेलेलं असतं.

नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचं हत्यार कायद्याच्या यादीत येतं, पण घरकाम, शेती आणि उद्योगाची अवजारं त्यातून वगळली आहेत. म्हणून उसाच्या फडात कोयता अवजार आणि पुण्याच्या गल्लीत रात्री फिरवला की पुरावा.

शेजाऱ्याची बंदूक दुरुस्तीला न्यायची असेल तर तुमच्याकडे परवाना नसला तरी चालतं. त्याची लेखी चिठ्ठी हवी, किंवा तो सोबत हवा.

आणि आजोबांची बंदूक. परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा बंदूक बाळगून २५ वर्षं झाली की हयातीतच ती कायदेशीर वारसाच्या नावावर करायची सोय नियमात आहे. ते राहिलं आणि आजोबा गेले, तर तेराव्याच्या गडबडीतही ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावी लागते. कपाटावर ठेवून 'नंतर बघू' म्हणणारा नातू त्या दिवसापासून बिनपरवाना बंदूकवाला ठरतो.